काळ्या काचेच्या सावलीला

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक तेवढं वेगळं राहिलं. विसरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. नावं कुणाचीच घेणार नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण यातले बरेच जण अजून मानाने फिरतात.

मी तेव्हा केज तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. माजलगावचं धरण तळाला गेलेलं, गावोगाव टँकर, जनावरं चारा छावणीत. त्यात वरून आदेश आला, गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्म काढा. माझे शिपाई चौकात ब्लेडने फिल्म खरवडायचे आणि प्रत्येक गाडीवाला एकच रडगाणं गायचा, "साहेब, बीडचं ऊन हाय. फिल्म न्हाई लावली तर मानूस भाजून निघंल." मी विचारायचो, ज्याच्याकडे गाडीच नाही तो काय बर्फात राहतो? पुढाऱ्यांच्या गाड्या मात्र चौकातून सुसाट निघून जायच्या. त्यांना हात दाखवायची शिपायाची छाती नव्हती.

अशात एका सकाळी साठीकडे झुकलेली एक बाई ठाण्यात आली. तिचा नवरा एका सहकारी दूध संघाचा संचालक. चार म्हशींचा धनी, सरळ माणूस, गाव त्यांना तात्या म्हणायचं. संघाच्या अध्यक्षाची निवडणूक तोंडावर आली होती. अशा वेळी आमच्याकडे एक रीत आहे. संचालकांना गाड्यांत घालून 'सहलीला' नेतात, फोन काढून घेतात आणि थेट मतदानाच्या दिवशी परत आणतात. म्हणायचं देवदर्शन, करायची राखण. यात कुणाला गैर वाटत नाही. उलट ज्याला नेलं नाही तो रुसून बसतो.

बाई म्हणाली, "साहेब, त्येंना साखरेचा आजार हाय. गोळ्या घरीच राहिल्या. फोन लागत न्हाई. कुठं हायेत तेवढं बघा, गोळ्या मी नेऊन देते."

आमचे जमादार हसले. "मावशी, सहलीला गेलेलं मानूस हरवत न्हाई. चांगलं मटण खाऊन येत्येत."

"त्ये माळकरी हायेत," बाई म्हणाली.

मी बेपत्ता व्यक्तीची नोंद घ्यायला लावली आणि शेजारच्या ठाण्यांना बिनतारी संदेश पाठवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्यांचं प्रेत घरी आलं. सोबतच्यांनी सांगितलं, देवळाच्या पायऱ्या चढताना छातीत कळ आली आणि खेळ खलास. तिरडी बांधायला घेतली होती. बाई नवऱ्याचा हात हातात घेऊन बसली होती, तिला त्याच्या नखांत काहीतरी काळं आणि चिकट दिसलं. तिथून तिने जो हट्ट धरला तो धरलाच. भाऊबंद ओरडले, मढं ताटकळत ठेवू नये. ही म्हणाली, "पोलीस आल्याबिगर उचलू देनार न्हाई." त्या हट्टामुळे हे प्रकरण झालं. नाहीतर राख सावडून सगळे मोकळे झाले असते.

मी पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली आणि प्रेत ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. शवविच्छेदन करून डॉक्टर म्हणाले, हृदयाचं काही नाही, उष्माघात आहे. नखांतलं काळं म्हणजे पातळ प्लास्टिकचे तुकडे आणि डिंक. ते कागदावर घेतलं तेव्हा मला दुसऱ्या कुणाला विचारावं लागलं नाही. महिनाभर माझ्या शिपायांच्या बोटांना तेच चिकटत होतं.

रुग्णालयाच्या आवारात बाई मला म्हणाली, "मला कुनाला फाशी द्यायची न्हाई साहेब. जीव जाताना जवळ कोन व्हतं, त्येंनी कुनाला बोलवलं का, एवढं सांगा." मी म्हणालो, सांगतो. पोलिसाने असा शब्द देऊ नये, पण देऊन बसलो.

तात्यांना ज्या जीपमधून नेलं ती मावळत्या अध्यक्षांची होती. ती ठाण्यात आणवली. वरून फोन आले, मग अध्यक्ष स्वतः आले. "तुमी कावून एवढं मनावर घेता? वय झालेलं मानूस, ऊन सोसलं न्हाई." त्यांना चहा पाजला, गोड बोललो आणि जीप ठेवून घेतली.

जीपच्या तीन दारांची फिल्म जुनी होती, उन्हाने जांभळट पडलेली, कडेला फुगे आलेले. मागच्या डाव्या दाराची मात्र कोरी, काळी कुळकुळीत. ही फिल्म काचेला आतल्या बाजूने लावतात, म्हणजे खरवडणाराही आतच असावा लागतो. शिवाय मागची दोन्ही दारं आतून उघडेनात, काचा किल्लीशिवाय खाली येईनात, आणि सीट ओलांडून पुढं जाणं आजारी म्हाताऱ्या माणसाला जमणारं नव्हतं. लहान मुलांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून मागच्या दारांच्या कडेला एक खटका असतो, तो लावून ठेवला होता. त्या गाडीत लहान मूल कधी बसलं असेल असं मला वाटत नाही.

ड्रायव्हरला चौकशीला बोलावलं. पंचविशीतला, शर्टाची कॉलर ताठ. मी हात लावला नाही. खोटं बोलणारा मोठ्या गोष्टी पाठ करून येतो, बारक्या गोष्टीत अडकतो, हा माझा अनुभव. मी विचारलं, "देवळात जाताना तात्यांनी चपला कुठं काढल्या?"

तो गडबडला. "पायरीपाशी."

"मग त्या तुझ्या जीपमध्ये मागच्या सीटखाली कशा सापडल्या?"

मग मी नव्या फिल्मचं विचारलं आणि तो रडायलाच लागला.

त्याने सांगितलं ते असं. तात्या सारखे म्हणत होते, मला घरी सोडा, माझ्या गोळ्या राहिल्या. युसूफ वडगावच्या बाजूला एका गावात सगळ्यांचं जेवण होतं. तात्या उतरले तर निघून जातील, म्हणून त्यांना गाडीतच ठेवायचं ठरलं. गल्ली अरुंद, म्हणून जीप गावाबाहेर पाण्याच्या टाकीपाशी उभी केली. काचा वर, किल्ली खिशात. ताट पाठवून देतो म्हणाले. जेवणं झाली, पान झालं, गप्पा रंगल्या, कुणी आडवं झालं. ताट राहूनच गेलं. दार उघडलं तेव्हा तात्या संपले होते; मग देवळाच्या पायऱ्यांची गोष्ट ठरली आणि खरवडलेली फिल्म बदलून घेतली.

"मारायचं न्हवतं साहेब," तो म्हणाला. "फिल्म व्हती ना गाडीला. आत गार ऱ्हातं म्हून बिनघोर व्हतो. भाईर बसवलं असतं तर ऊन लागलं असतं की."

तो मनापासून बोलत होता, हेच मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या आवारात भर उन्हात ती जीप आणि आमची साध्या काचांची जीप शेजारी उभ्या केल्या. पंचांसमक्ष दोन्हींच्या सीटवर पेल्यात एकेक मेणबत्ती ठेवली आणि काचा बंद केल्या. आमच्या जीपमधली आधी वाकली. काळ्या काचेमागची थोड्या वेळाने वाकली. ड्रायव्हर ते बघत उभा होता.

आजही गाडी घेणारे ओळखीचे विचारतात, साहेब, उन्हासाठी फिल्म लावावी का? मी सांगतो, चालत्या गाडीत थंड हवा सुरू असेल तर फरक पडतो, नाही म्हणणार नाही. बंद उभ्या गाडीत फक्त थोडा उशीर होतो. एक गोष्ट मात्र हमखास मिळते, आतला माणूस बाहेर दिसत नाही. आपल्याकडे लोक फिल्म लावतात ती बहुतेक त्यासाठीच. ऊन नुसतं बोलायला.

माझा दिलेला शब्द अजून बाकी होता. दुष्काळात टाकीपाशी दिवसभर माणसं असतात. मग दुपारभर कुणालाच कसं कळलं नाही? मी त्या गावी गेलो. टाकीभोवती घागरींची रांग, आसपास सावलीला झाड नाही, आणि बाया टँकरची वाट बघत पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या. जीपचं नाव काढताच सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. शेवटी एक म्हातारी बोलली, तीही माझ्याकडे न बघता.

"सायब, सावली न्हवती कुठं. दुपार कलल्यावर गाडीची सावली पडली, तवा आमी तिला टेकून बसलो. मग आतून काच वाजली. आमाला वाटलं, मोठे सायब आत हायेत, उठा म्हनतेत. आमी उठून उनात बसलो."

"पुढं?"

"परत वाजली. लई वाजली. आमी अजून लांब सरकलो."

"आत कोण आहे, एकदा बघावंसं वाटलं नाही?"

"मोठ्यांच्या गाडीत कोन डोकावतं, सायब? बोलनी खायची का?"

मी तिचा जबाब लिहून घेतला.

निष्काळजीपणाने मृत्यू आणि बेकायदा डांबून ठेवणं, अशी कलमं लावून ड्रायव्हर, अध्यक्ष आणि सहलीला सोबत असलेल्यांवर दोषारोपपत्र पाठवलं. खटला उभा राहीपर्यंत तेच अध्यक्ष पुन्हा अध्यक्ष झाले होते. टँकरच्या खेपा त्यांच्या शब्दावर, छावणी त्यांच्या संघाची. म्हातारी पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "त्या दिवशी मी पान्याला गेलतेच न्हाई." सरकारी वकिलांनी ती फितूर झाल्याचं जाहीर केलं. मला तिचा राग आला नाही. तिचा हात दगडाखाली होता आणि दगड आम्ही कुणी हलवणार नव्हतो. ड्रायव्हरने पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. नुसती नवी फिल्म लावणं हा गुन्ह्याचा पुरावा ठरत नाही. सगळे सुटले, बाहेर हार पडले.

बाई कोर्टाच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसलो आणि म्हातारीने टाकीपाशी मला जे सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी काच वाजवली, पुन्हा वाजवली, बाहेर बाया होत्या, त्या सरकल्या.

ती म्हणाली, "मी असते तरी सरकलेच असते, साहेब. आत आपलाच मानूस हाय, हे कुनाला म्हाईत?"

ती उठून एसटी स्टँडकडे गेली. मला वाटलं होतं, खरं कळलं की तिला थोडं बरं वाटेल. तपास करणाऱ्याची ही समजूत असते, खरं शोधून काढलं की कुणाचं तरी भलं होतं. त्या दिवसापासून माझी ती समजूत गेली. बाया का सरकल्या याचं उत्तर माझ्या दोषारोपपत्रात नव्हतं. मोठ्याची गाडी आली की काठी आपटून रस्ता मोकळा करणारे आम्हीच खाकीवाले. ती शिकवण त्यांच्या हाडात मुरली होती, आणि तिच्यासाठी आरोपी करायला कुणी नव्हतं.

निवृत्तीनंतर मला एक खोड लागली. उन्हात काळ्या काचेची बंद गाडी दिसली की मी काचेला तळहात लावून आत बघतो. घरचे म्हणतात, वेड लागलंय. मागच्या उन्हाळ्यात नांदूरघाटच्या बाजारात असाच डोकावलो. काच चार बोटं खाली आली, आतून गार हवेचा झोत आला आणि एक पोरगेला आवाज म्हणाला, "काय बे म्हाताऱ्या, काय बघतो? सरक."

अंगावर वर्दी नव्हती. मी सरकलो.