माणच्या उन्हात दीपमालाबाई

कऱ्हाडच्या मंडईत दीपमालाबाई भाजीला गेल्या, की एखादी तरी बाई वाट अडवून म्हणायचीच, "सुनंला किती छळतीस गं! वर देव बघतोय." दीपमालाबाई हसायच्या आणि मेथीची जुडी पिशवीत टाकायच्या. टीव्हीवर वर्षानुवर्षं त्या खाष्ट सासूच होत्या. सिरियल बदलायची, साडी बदलायची, सासू तीच. साताऱ्याबाहेरच्या एका बंगल्यात शूटिंग चालायचं. जरीची साडी नेसून जिन्यावर उभं राहायचं आणि डोळे वटारायचे, एवढंच काम.

मूळच्या त्या सांगलीच्या. वडील एसटीत कंडक्टर. नाटकाचं वेड शाळेपासूनचं, स्पर्धांत बक्षिसंही मिळाली. लग्न झालं ते फौजेतल्या मानसिंगशी, कऱ्हाडच्या ऊसवाल्या घरात. मानसिंग सीमेवर असताना त्यांनी नाटकं केली. तो सुभेदार होऊन घरी आला तेव्हा बाई घराघरात पोचल्या होत्या. तो फारसं बोलत नसे. शूटिंगला सोडायला आणि आणायला मात्र स्वतः गाडी काढायचा.

एकदा सिरियलच्या कामासाठी सगळे माण तालुक्यात, दहिवडीजवळच्या माळावर गेले होते. मेंढरं घेऊन आलेली बनुबाई नावाची बाई काठीवर हनुवटी टेकून सकाळपासून बघत होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती जवळ आली.

"बाई, तुमाला दुसरं कायच येत न्हाई का?"

"म्हणजे?"

"लेक बघती म्हणून मी बी बघते. तुमी निस्त्या रागावताच. माणूस सदानकदा रागातच ऱ्हातंय व्हय?"

दीपमालाबाईंनी सरकून तिला सावलीत जागा दिली. मग दोघी बोलत बसल्या. बनुबाईचा नवरा मुंबईत माथाडी कामगार होता, सणासुदीला यायचा. बाकी घर, लेक आणि मेंढरं हिच्या अंगावर. परतताना पुसेगाव मागे पडलं तेव्हा दीपमालाबाई म्हणाल्या, "अहो, मला सिनेमा करायचाय. माझा स्वतःचा."

मानसिंगनं गिअर बदलला. "कर की."

नवरा मुंबईला आणि तरुण बायको मेंढरांमागे, अशी गोष्ट त्यांनी लिहिली. पुण्या-मुंबईचे निर्माते ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "यात गाणी किती?" शेवटी निर्मातीही त्याच झाल्या. दिग्दर्शन त्यांचंच होतं. मानसिंगनं गाड्या आणि जेवणखाण हाती घेतलं. त्याच्या फौजी शिस्तीत चहाला उशीर करायची कुणाची छाती नव्हती.

नायिकेच्या कामाला प्रांजल नावाची गुणी मुलगी घेतली होती. त्याच माळावर शूटिंग सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच ती खाली मान घालून समोर उभी राहिली. "मॅडम, हिंदीत काम मिळालंय. असं परत मिळायचं नाही." दीपमालाबाईंना रागही आला नाही. तिच्या वयात आपणही गेलो असतो, एवढंच मनात आलं. प्रांजलची गाडी फलटणच्या रस्त्याला लागली आणि सगळी माणसं बाभळीखाली नुसती बसून राहिली.

"तूच उभी ऱ्हा," मानसिंग म्हणाला.

"काहीतरीच! पंचावन्नची मी. तरुण बायको कशी होणार?"

"मग म्हातारी हो. माणात वाट बघणाऱ्या बाया काय तरण्याच असत्यात व्हय?"

तिथंच बसून त्यांनी गोष्ट बदलली. आता गोष्टीतल्या नवऱ्याचं मुंबईतलं काम सुटलं होतं, वय झालं होतं, तरी तो गावाकडं येत नव्हता.

ऐन मे महिना. मेंढरांमागून चालायचं, मग पळत येऊन आपणच चालल्याचं पडद्यावर तपासायचं, चुकलं तर पुन्हा चालायचं. शेवटी एका दुपारी त्या कोसळल्या. दवाखान्यात सलाईन चढत असताना मानसिंग म्हणाला, "बास झालं. घरी चल."

"थोडंच राहिलंय हो."

"माणूस ऱ्हायला पायजे ना आधी!"

तरी दुसऱ्या दिवशी त्या माळावर गेल्याच. शेवटच्या दृश्यात म्हातारी बांधावर बसून रस्त्याकडे बघते. त्या चेहऱ्यावरच्या थकव्याचं पुढं फार कौतुक झालं. दीपमालाबाईंनी त्यात अभिनय असा काही केला नव्हता. त्यांच्यानं उठवत नव्हतं.

सिनेमाला पुरस्कार मिळाले. परदेशात दाखवला गेला. अभिनेत्री, दिग्दर्शिका, निर्माती असे तीन शब्द नावाआधी छापून येऊ लागले. सांगलीत सत्कार झाला. थिएटरात मात्र सकाळचा एकच खेळ मिळाला, तोही आठवडाभरच टिकला. आणि मग फोन यायचे थांबले. सासूच्या कामासाठीसुद्धा कुणी विचारीना. सिरियलचे जुने निर्माते वीरधवल सत्काराला आले होते, ते म्हणाले, "ताई, तुम्ही आता मोठ्या झालात. सासूचं काम कुठल्या तोंडानं विचारू?" शालींनी कपाट भरलं आणि वर्ष रिकामं गेलं.

त्या उन्हाळ्यात बनुबाईच्या गावच्या शाळेत त्यांनी सिनेमा दाखवला. बनुबाई पुढंच बसली होती. शेजारी तिचा नवरा, नुकताच मुंबईहून कायमचा परतलेला. अर्ध्यातच तो उठून बाहेर गेला.

"त्यास्नी बघवंना," बनुबाई नंतर म्हणाली. मग दीपमालाबाईंचा हात धरून म्हणाली, "लय दमलीस गं त्यात."

"खरीच दमले होते."

"आन् आता?"

"आताही."

चार दिवसांनी दीपमालाबाईंनी स्वतःच वीरधवलना फोन लावला. "सासू नको तर आजी द्या. पण घरी बसवू नका." काम मिळालं ते अंथरुणाला खिळलेल्या आजीचं. संवाद नाहीत, नुसतं पडून राहायचं.

पहिल्याच दिवशी दिवे लागले, सून रडली, मुलगा बोलला, आणि दृश्य संपल्यावर कळलं की आजी खरोखरच झोपली आहे. शंभूराज नावाचा नवा दिग्दर्शक हाक मारायला पुढं झाला. दारात गाडीची किल्ली हातात घेऊन मानसिंग उभा होता.

"ऱ्हाऊ दे रं," तो म्हणाला. "झोपू दे तिला जरा."

शंभूराजनं दिवे बंद करायला सांगितले आणि सगळे अंगणातल्या दृश्याच्या तयारीला लागले.