भुतासाठी सोळा व्हायोलिनं

रेकॉर्डिंगच्या हॉलमध्ये मी एकतीस वर्षं खुर्च्या मांडल्या. पंचावन्न खुर्च्या, तेवढेच स्टँड, मोठे ढोल, वाद्यांच्या पेट्या. संगीतातलं मला कळत नाही. अंतर कळतं.

मास्तर सिनेमांना पार्श्वसंगीत द्यायचे. भुताच्या सिनेमाचं काम घेतलं तेव्हा एकसष्टीला आले होते. प्रत्येक वाद्याची ओळ स्वतः लिहायचे, पेन्सिलीने. एका मिनिटाच्या संगीताला दोन दिवस. चुकलं तर खोडत नसत, अख्खं पान नव्याने लिहीत. एवढे कष्ट घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पहिल्या दिवशी व्हायोलिनची रांग त्यांच्यापासून बारा फुटांवर होती. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "जरा पुढे घ्या." आठ फूट. चौथ्या दिवशी पाच. जाड आवाजाची वाद्यं मात्र होती तिथेच. मला तेव्हाच कळलं. बारीक, उंच सूर त्यांना ऐकू येईनासे झाले होते. मी कोणाजवळ बोललो नाही. निर्मात्याच्या कानावर गेलं असतं तर काम दुसऱ्याला गेलं असतं.

पहिलं व्हायोलिन त्यांचा धाकटा भाऊ वाजवायचा. तो म्हणाला, "दादा, आणखी पुढे आलो तर तुझ्या मांडीवरच बसावं लागेल."

"लहानपणी बसायचास की. तेव्हाही बेसूरच होतास."

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

शेवटच्या दिवशी शेवटचा प्रसंग होता. मेलेली आई दारात येऊन उभी राहते आणि मुलगी तिला ओळखते. तिथे बाकी सगळं थांबतं. फक्त सोळा व्हायोलिनं, अगदी वरच्या सुरात, हलकी. ते एक मिनिट मास्तरांनी अकरा वेळा लिहिलं होतं.

त्यांनी ताल दाखवायची काठी खाली आणली. व्हायोलिनं सुरू झाली. मी पार मागे, पेट्यांपाशी होतो. तिथे माझ्या अंगावर काटा आला. मास्तरांची नजर कागदावर होती. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "सुरू करताय ना?"

सोळाही व्हायोलिनं थांबली.

काचेमागून दिग्दर्शक बघत होता. भाऊ घाईघाईने म्हणाला, "माझी चूक, दादा. तार उतरली. पुन्हा घेऊ."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे. सगळ्यांच्या माना खाली.

"तुझी तार उतरली. आणि या पंधराजणांची?"

त्यांनी काठी भावाच्या हातात दिली. "तू घे. आठव्या मात्रेनंतर घाई करू नकोस. ती दारात हळू येते."

मग ते मागे येऊन माझ्याशेजारी पेटीवर बसले. तुकडा पुन्हा वाजला. तो वाजून संपेपर्यंत ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सांगा की हो, कसं झालं? तुम्ही तरी ऐकलंत."

"आली ती, मास्तर," मी म्हणालो.

"त्याने घाई केली?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि उठले. पुढचं काम त्यांनी घेतलं नाही.