साहेबांचं औक्षण

निवडून तो साहेबच आला, हे आधीच सांगून टाकते. शेवटी काहीतरी चमत्कार होईल म्हणून कुणी ताटकळत बसायला नको. जे काही झालं ते आमच्या घरात झालं, आणि थोडंसं आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये.

आम्ही इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका शहरात राहतो. इथे पोलीस कमिशनर निवडणुकीने ठरतो. त्याला गणवेश नसतो, तो कुणाला पकडत नाही. पोलिसांचा पैसा कुठे खर्च व्हावा हे तो ठरवतो आणि लोकांच्या वतीने त्यांना जाब विचारतो, निदान विचारावा अशी अपेक्षा असते. म्हणजे नगरसेवकासारखाच दारोदार मत मागत फिरणारा माणूस. पण आमच्या लोकांच्या कानावर 'पोलीस कमिशनर' हे शब्द पडले की पुणं, मुंबई, लाल दिव्याची गाडी आणि सॅल्यूट आठवतो. इथे तीस-तीस वर्षं काढलेली माणसंसुद्धा ताडकन उभी राहतात. नुसत्या उमेदवारालाही 'साहेब' म्हणतात. आमच्या मंडळाने नेमकं हेच केलं, आणि त्यात औक्षणाचं ताट माझ्या हातात होतं.

त्याआधीची गोष्ट सासूबाईंची. मी त्यांना आई म्हणते, त्या आमच्याकडेच राहतात. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांनी मंगळसूत्र काढलं नाही. मंडळातल्या बायकांनी आडून आडून विचारून पाहिलं, तेव्हा म्हणाल्या, "ज्यांनी घातलंय ते काढायला आले की बघू." त्यानंतर कुणी विचारलं नाही. दर आठवड्याला त्या एकट्या बसने मार्केटला जायच्या, मेथी-कोथिंबीर घ्यायच्या, तिथल्या पंजाबी भाजीवाल्याशी हिंदीत भांडायच्या आणि खुशीत परत यायच्या. इंग्रजी जेमतेम, पण बस ड्रायव्हरना 'थँक्यू डिअर' म्हणायला विसरायच्या नाहीत. ती बस म्हणजे त्यांचं स्वतःचं राज्य होतं.

नोव्हेंबरात, इथली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे गेल्यावर चार-साडेचारलाच अंधारतं तेव्हा, बसस्टॉपवर दोघेजण स्कूटरवरून आले आणि त्यांनी मंगळसूत्र ओढलं. ते एकदम तुटलं नाही. आई खाली पडल्या, थोड्या फरफटल्या, मग तुटलं. समोरून बस येत होती. ड्रायव्हरने उतरून त्यांना उचललं, पोलिसांना फोन केला, मला फोन केला. मी पोचले तेव्हा त्या त्याच बसमध्ये बसून होत्या. मानेवर लाल वळ होता आणि मांडीवर मेथीची पिशवी घट्ट धरलेली होती.

पोलिसांनी फोनवर तक्रार घेतली आणि एक नंबर दिला. घरी कुणी आलं नाही. मी फोन करकरून सांगत होते, बसला पुढे कॅमेरा असतो, तेवढं फुटेज तरी मागा. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. शेवटी टेक्स्ट आला: तपासासाठी काही धागा नाही, केस बंद करत आहोत.

त्याच सुमारास आमच्या मंडळाच्या अध्यक्षांच्या गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुराच्या नळीवरचा तो महागडा डबा, कुणीतरी कापून नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टर स्वतः त्यांच्या दारात हजर. चहा झाला, चकल्या झाल्या. इन्स्पेक्टरच्या हातात चकली असलेला फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, खाली अध्यक्षांनी लिहिलं होतं, 'आपली ओळख आहे.' तीन तासांत सगळ्या मंडळाने खाली अंगठे टाकले. मी नाही टाकला.

मी अध्यक्षांना फोन केला. म्हटलं, तुमची ओळख आहे ना, मग आईंच्या केसचं एकदा विचारा.

"विचारतो ना वहिनी, डेफिनेटली विचारतो," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तसं वाईटच झालं, पण खरं सांगू का, काकींनी आता मंगळसूत्र घालायचंच कशाला? उगाच रिस्क."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, मग तुम्ही गाडीला कन्व्हर्टर लावताच कशाला?" असं म्हणून मी फोन ठेवला. नवरा म्हणाला, "झालं, आता आपल्याला गणपतीत मोदक मिळत नाहीत." मी म्हटलं, नको मला त्यांचे मोदक.

आई मात्र त्या दिवसापासून बाहेर पडल्या नाहीत. आधी गुडघा दुखतोय म्हणाल्या, मग थंडी, मग घसरडं. माझ्याबरोबर गाडीतूनसुद्धा नको. बसचा पास टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये गेला, रबरबँडच्या आणि जुन्या बॅटऱ्यांच्या सोबतीला. आमच्या खिडकीतून बस जाताना दिसते. त्या तिथेच खुर्ची टाकून बसायच्या आणि बस गेली की म्हणायच्या, "आज उशीर झाला हिला." मला ते ऐकवत नसे. मंगळसूत्र गेलं ते गेलं, पण ह्या बाईचा रस्ता कुणी नेला, हा माझा प्रश्न होता.

जानेवारीत मंडळाचा तिळगूळ समारंभ झाला. आई आल्या नाहीत. प्रमुख पाहुणे म्हणून कमिशनरपदाचा उमेदवार आला. तो निवृत्त पोलीस अधिकारी, कोटावर पक्षाचं रिबिनीचं फूल. त्याच्या शेजारी आमचा चकलीवाला इन्स्पेक्टर, पूर्ण गणवेशात. सगळा हॉल उभा राहिला. पाहुणा आला की आमच्याकडे शाल, श्रीफळ आणि औक्षण, मग तो कोण आहे, कशाला आलाय, हे विचारायची पद्धत नाही. ताट नेहमी माझ्याकडे असतं, कारण मला नऊवारी चांगली नेसता येते. हॉलच्या फायर अलार्ममुळे निरांजनाच्या जागी बॅटरीवरचा दिवा. मी कुंकू लावलं, अंगठी-सुपारी फिरवली, अक्षता टाकल्या. पाहुण्याने नारळ हातात घेऊन मला विचारलं, हा आत्ताच प्यायचा का? आमच्याकडे माणसाला घरी पाठवतानाही हातात नारळच देतात, हे त्याला कुणी सांगितलं नाही. फोटो काढले गेले. मला वाटलं, ते ग्रुपवर जातील आणि दोन दिवसांत विसरले जातील.

निवडणुकीच्या तोंडावर, गुढीपाडव्याच्या आधी, दारातल्या फटीतून पत्रकं पडायला लागली. एके सकाळी आईंनी पायपुसण्यावरचं पत्रक उचललं आणि म्हणाल्या, "अगं, ही तू आहेस की!"

मीच होते. ताट हातात, मान किंचित वाकडी, समोर उमेदवार, मागे गणवेशातला इन्स्पेक्टर हसतोय.

"नऊवारी छान दिसतेय," आई म्हणाल्या. "खाली काय लिहिलंय?"

मी आधी मनातच वाचलं. पण त्या बघत होत्या, म्हणून सांगितलं, "लिहिलंय की मराठी समाजाच्या महिलांना ह्यांच्यामुळे सुरक्षित वाटतं."

आई पत्रकाकडे बघत राहिल्या. "कुणाला?" त्यांनी विचारलं.

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, त्यांना खरंच कळलं नव्हतं. आई पत्रकाची घडी घालून परत खिडकीशी जाऊन बसल्या.

मी अध्यक्षांच्या घरी गेले. म्हटलं, माझा चेहरा काढायला सांगा. आणि आपलं मंडळ चॅरिटी म्हणून रजिस्टर आहे, कुणा उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही. आणि गणवेशातल्या पोलिसाने प्रचाराच्या पत्रकात काय म्हणून उभं राहायचं?

"वहिनी, तुम्ही फार टोकाचा विचार करता," ते म्हणाले. त्यांचा आवाज गोड होता. त्यांना मी रागावलेली दिसले की त्यांचा आवाज गोडच होतो. "ह्या लोकांशी रिलेशन्स ठेवावे लागतात. विसर्जनाच्या मिरवणुकीला रस्ता कोण बंद करून देतं? आपण शेवटी बाहेरून आलेले. वाकून राहिलं की चार कामं होतात."

"रस्ता कौन्सिल बंद करतं," मी म्हटलं. "त्याचा फॉर्म दरवर्षी माझा नवरा भरतो."

ते हसले. म्हणाले, पाडव्याच्या कार्यक्रमाला साहेब पुन्हा येणार आहेत, चार शब्द बोलतील, मंडळ शुभेच्छा देईल. "औक्षण तुम्हीच करायचं हं. राग-बिग घरी ठेवून या."

"करते की," मी म्हटलं. तेव्हा माझ्या मनात काहीही ठरलेलं नव्हतं. फक्त नाही म्हटलं तर ताट दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाईल आणि मी मागच्या रांगेत धुमसत बसेन, एवढं कळत होतं.

घरी येऊन आईंना म्हटलं, "पाडव्याला चला."

"गुडघा..."

"गुडघा गाडीत बसेल. ज्याच्यामुळे तुम्हाला सुरक्षित वाटतं तो येणार आहे. बघून तर घ्या."

त्यांनी खिडकीचा पडदा सरळ केला. मग विचारलं, "जेवायला श्रीखंड आहे का?" मी समजले, येणार.

पाडव्याला त्या आल्या. गाडीतून उतरताना माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं उमटली. बायकांनी "काकी आल्या, काकी आल्या" करत दुसऱ्या रांगेत जागा करून दिली. गळा मोकळाच होता. त्यांनी पदर ओढून तो झाकला.

उमेदवाराचं भाषण झालं. गोड माणूस, तयारीचं भाषण. म्हणाला, तुमच्या भागात रस्त्यावरच्या चोऱ्यांचं प्रमाण कमी होत चाललंय, आणि ह्याचं श्रेय तुमच्या ह्या मित्राला. असं म्हणून त्याने इन्स्पेक्टरच्या खांद्यावर हात ठेवला. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी माईक घेतला, "आता साहेबांचं औक्षण."

मी ताट उचललं. उमेदवार सवयीने दोन पावलं पुढे आला आणि मान झुकवून उभा राहिला. मी त्याच्या समोरून गेले, तीन पायऱ्या उतरले आणि दुसऱ्या रांगेत आईंसमोर उभी राहिले.

"अगं, हे काय," त्या पुटपुटल्या. "मला नको. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," मी म्हटलं आणि त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. मागून कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. अंगठी फिरवली, सुपारी फिरवली, डोक्यावर अक्षता टाकल्या. मग वळून इंग्रजीत म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की ह्या माझ्या सासूबाई. तुमच्या पत्रकात ज्यांना सुरक्षित वाटतं त्यांच्यातल्या. बसस्टॉपवर ह्यांच्या गळ्यातलं ओढून नेल्यानंतर ह्या आज पहिल्यांदा घराबाहेर आल्यात.

अध्यक्ष माईकवरून "वहिनी, वहिनी" करत होते. उमेदवार म्हणाला, आय ॲम सो सॉरी, आपण नंतर बोलू या का? आईंनी मला विचारलं, काय म्हणाला तो, मघाशी, टाळ्या कशाला वाजल्या? मी सांगितलं, चोऱ्या कमी झाल्यात म्हणाला.

"होणारच की," आई मराठीत म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण हॉल इतका गप्प होता की शेवटपर्यंत गेला. "मी घरात बसलेय ना. चोरायचं कुणाचं?"

मी त्याचं इंग्रजी केलं. शब्दाला शब्द.

टाळ्या पडल्या असं लिहायला मला आवडलं असतं. पडल्या नाहीत. एक म्हातारे आजोबा हसले, एवढंच. इन्स्पेक्टरने टोपी उचलली आणि त्याला दुसरीकडे कुठे तरी जायचं असल्याचं आठवलं. शुभेच्छांचा ठराव त्या दिवशी कुणी मांडला नाही. आई मात्र श्रीखंडाची दुसरी वाटी मागून घेऊन जेवल्या.

संध्याकाळी ग्रुपवर न लिहिता, फोनवर फोन करून माझ्याबद्दल बरंच बोललं गेलं. शोभा केली, मंडळाला मान खाली घालायला लावली. औक्षणाच्या कामातून मला मोकळं केल्याचं अध्यक्षांनी अतिशय गोड आवाजात कळवलं. पुढे सप्टेंबरात विसर्जनाला रस्ता बंद झाला, नेहमीसारखाच. कौन्सिलने केला. मंगळसूत्र सापडलं नाही आणि केस उघडली नाही. बंद केलेल्या केसची आणि त्या पत्रकाची माझी तक्रार तीन ठिकाणी गेलेली आहे, अजून एकाही ठिकाणाहून धड उत्तर नाही, आणि मी दर महिन्याला फोन करते. त्यांना माझा आवाज पाठ झाला पाहिजे.

पण त्याआधी, मतदानाच्या दिवशी सकाळी आईंनी विचारलं, "मत द्यायला काय काय लागतं?"

"फोटो असलेलं काहीतरी. पासपोर्ट, नाहीतर तुमचा बसचा पास."

पासपोर्ट कपाटात वरच होता. त्या ड्रॉवरशी गेल्या, रबरबँड बाजूला केले आणि पास काढला. प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये मतदान होतं. टेबलामागच्या बाईने पास बघितला, आईंचा चेहरा बघितला, कागद दिला. आई आत बराच वेळ होत्या. कुणाला दिलं ते मी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर मी गाडीकडे वळले. त्या वळल्या नाहीत. पास अजून हातातच होता.

"काढलाच आहे बाहेर," त्या म्हणाल्या, "तर मेथी घेऊन येते."

"मी येते बरोबर."

"तू तुझ्या कामाला जा."

स्टॉप रस्त्याच्या पलीकडेच होता, मला गाडीपाशी उभं राहून दिसेल असा. ऊन होतं, तरी त्यांनी कोट आणि मफलर घातला होता. पाडव्यानंतर त्यांनी काळ्या मण्यांची एक साधी पोत माझ्याकडून ओवून घेतली होती, ती आत कुठेतरी होती. बस लांबून येताना दिसली तसा त्यांनी मफलर सोडला, ती पोत बाहेर काढली, कोटावर नीट सरळ केली आणि बस थांबवायला हात वर केला.