खिडकीतले सासरे

आमच्या सासऱ्यांचा पॅसेंजर गाडीवर जेवढा विश्वास आहे, तेवढा खुद्द त्या गाडीच्या ड्रायव्हरचासुद्धा नसेल. गाडी उशिरा आली तर ते म्हणतात, येतेय ना, मग झालं. एखाद्या ओसाड स्टेशनावर ती क्रॉसिंगला अडकली आणि शेजारच्या रुळावरून एक्स्प्रेस धुरळा उडवत निघून गेली, की डब्यातली झाडून सगळी माणसं रेल्वेच्या नावानं बोटं मोडतात. आमचे सासरे मात्र त्या एक्स्प्रेसकडं, वाया गेलेल्या पोराकडं शहाण्या माणसानं बघावं तसं बघतात. एक्स्प्रेस ही त्यांच्या लेखी गाडीच नव्हे, ती गावं चुकवायची युक्ती आहे. त्यांची गाडी म्हणजे आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातली, मनमाडकडून निघून रोटेगाव, लासूर, संभाजीनगर, जालना, परतूर, सेलू असं प्रत्येक गावाचं दार वाजवत परभणी-नांदेडकडं जाणारी. ‘गोदावरीनं वाटेत एक तरी गाव टाळलं का?’ असं ते विचारतात, आणि समोरचा विचार करायला लागला की केस जिंकल्यासारखे मागं टेकून बसतात. वास्तविक त्या गाडीतून गोदावरी बराच वेळ दिसतही नाही. पण जालना मागं पडलं की सासरे उजवीकडच्या खिडकीकडं वळून हात जोडतात. बाहेर नुसती कपाशी असते. त्यांची चर्याच अशी गंभीर, की समोरचे लोक मुकाट्यानं हात जोडतात. एकदा तर एका बाईनं माझ्यादेखत कपाशीत रुपया टाकला.

सासरे जिल्हा कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त झाले, पण कोर्ट काही त्यांच्या अंगातून निवृत्त झालं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर ते ‘हे रेकॉर्डवर घ्या’ म्हणतात, आणि घरात कुठलाही अवघड विषय निघाला की त्याला पुढची तारीख देतात. घर संभाजीनगरात स्टेशनच्या पाठीमागच्या गल्लीत. गाडीची शिट्टी घरात ऐकू यावी म्हणून त्यांनी चांगला मोठा प्लॉट सोडून ते बांधलं, असं सासूबाई होत्या तोवर रोज एकदा तरी सांगायच्या. मुलगा एक, मुली चार. थोरल्या तिघी त्यांनी बरोबर या गाडीच्या वाटेवर दिल्या. एक वैजापूरला, म्हणजे स्टेशन रोटेगाव. दुसरी जालन्याला, तिसरी सेलूला. आणि एकदा दिल्या म्हटल्यावर त्यांची नावं सोडून स्टेशनांचीच नावं वापरायला लागले. ‘रोटेगावचा फोन होता’, ‘सेलू रुसलीय’. एकदा दूधवाल्याला ते सहज म्हणाले की जालन्याला कालपासून उलट्या चालू आहेत. त्या बिचाऱ्यानं लगोलग तिकडच्या मेव्हण्याला फोन लावून पाणी उकळून प्यायला सांगितलं.

या तिघींना भेटायची त्यांची तऱ्हा जगावेगळी. एका आठवड्याला पूर्वेकडं, एका आठवड्याला पश्चिमेकडं. गज नसलेली जी एक खिडकी डब्यात असते, ती धरायची. फलाट ज्या बाजूला येणार त्या बाजूची पाहिजे, म्हणून वाटेत दोनदा जागा बदलायची, आणि त्यासाठी अख्ख्या डब्याला गोड बोलून उठवायचं. स्टेशन आलं की पोरगी फलाटावर हजर. तिनं भरलेला डबा आत द्यायचा, यांनी मागचा डबा बाहेर द्यायचा. रिकामा डबा परत देऊ नये, म्हणून त्यात लाह्या, गूळ, पेरू, काही ना काही. गाडी थांबते दोन मिनिटं. तेवढ्यात दोन घास तिच्यासमोर खायचे, तिनं सगळं सांगायचं, यांनी सगळं ऐकायचं. गाडी हलली की ‘मागं सर गं’ एवढं म्हणायचं, आणि पदर नाहीतर ओढणी कशात अडकत नाही ना, हे ती दिसेनाशी होईपर्यंत बघायचं. उतरायचं नाही. परभणीला नाहीतर मनमाडला उतरून एक चहा घ्यायचा आणि परतीच्या गाडीत बसायचं. जावई कितीदा स्कूटर घेऊन आले, व्याह्यांनी कितीदा निरोप धाडले. सासऱ्यांचं उत्तर ठरलेलं: लेकीच्या घरचं अन्न बापानं खाऊ नये, असा शिरस्ता आहे. मग खिडकीत खाता ते काय, असं विचारलं की म्हणायचे, ‘फलाट काय व्याह्यांच्या सातबाऱ्यावर आहे का?’ खरं म्हणजे हा शिरस्ता लेकीला मूल होईपर्यंतचा. रोटेगावच्या थोरल्या नातवाला मिसरूड फुटलं तरी यांचा चालूच होता.

आता माझं. मी कन्नडजवळच्या पिशोरचा. तिथंच शाळेत मास्तर आहे. आमच्या घराण्यानं दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत मेंढरांमागं पायपीट केली, आणि यांच्या घराण्यानं आधी पोथ्या अन् मग फायली सांभाळल्या. त्यांची धाकटी आणि मी संभाजीनगरात एका कॉलेजात होतो, आणि व्हायचं ते झालं. बघायला नव्हे, भांडायलाच म्हणून मी मामाला घेऊन यांच्या घरी गेलो. जातीचा विषय निघाला की काय काय सुनवायचं, याची मामानं जीपमध्ये वेरूळपासून उजळणी चालवली होती. चहा झाला. सासऱ्यांनी घसा साफ केला. मामानं बाह्या सरसावल्या. सासरे म्हणाले, ‘मुद्दा एकच आहे. पिशोरला स्टेशन कोणतं?’

मामाचं सगळं भाषण वाया गेलं. मग गावाची अब्रू राखायला म्हणून तो छाती काढून म्हणाला, ‘ठेसन नाय, पण यष्टी मुक्कामी येती.’ सासऱ्यांचा चेहरा पार उतरला. यष्टी त्यांना सोसत नाही. घाट दूरच, बसस्टँडच्या डिझेलच्या वासानंच त्यांना ढवळतं. त्यांनी प्रकरणाला पुढची तारीख दिली. धाकटी चार दिवस जेवली नाही, असं ती सांगते. तिच्या वहिनीचं म्हणणं चोरून चिवडा खात होती. आठवड्यानं सासऱ्यांचा फोन आला आणि होकार मिळाला. झालं असं होतं, की त्यांना कुणीतरी सांगितलं, कन्नडवरून रेल्वे जाणार आहे आणि सर्व्हेसुद्धा झालाय. आता ही बोलवा आमच्या आज्याच्या तरुणपणापासून आहे. त्या सर्व्हेचे खुंट उपटून आमच्याकडं कैक शेळ्या बांधल्या गेल्या. पण जन्मभर सरकारी कागदात काढलेला माणूस, सर्व्हे म्हटलं की त्याला गाडी दिसायला लागली. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामानं माझा पाय दाबला. आमचं लग्न असं एका सर्व्हेवर लागलं, स्टेशनजवळच्याच कार्यालयात.

गाडी काही आली नाही. धाकटी वर्षानुवर्षं वाट बघत राहिली, गाडीची नव्हे, बापाची. माहेरी जायची ती, चार दिवस राहून यायची. पण बाप आपल्याकडं यावा, आपण रांधलेलं आपल्या हातानं त्याला द्यावं, हे तिन्ही बहिणींना मिळालं आणि तिला नाही. सणाला बहिणींचे फोन यायचे, बाबांनी आज धपाटं खाल्लं, बाबांनी पिठलं आणखी मागितलं. फोन ठेवला की ती उगाच भांडी घासायला काढायची. तिला तर ते ‘रोटेगाव’सारखं नावही देईनात, नुसतं ‘धाकटी’. आणि गाव ते गाव. बाजारात कुणीतरी आमच्या आईला म्हणालंच, की तुमचे व्याही तिघींकडं जातात, तुमच्याचकडं का येत नाहीत ते काय आम्हाला कळत नाही व्हय? आई माझी साधी, पण मानी. सुनेच्या माहेरचं नाव निघालं की उठून गोठ्यात जायची.

पुढं आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि ती संभाजीनगरला सासऱ्यांकडंच आठवडाभर राहिली. त्यांनी तिचं जे केलं ते पोटच्या पोरानं केलं नसतं. वेळेवर डोळ्यात थेंब, सकाळी पेपर वाचून दाखवणं, वर गोदावरीचं माहात्म्य. निघायच्या दिवशी मी न्यायला गेलो, तर आई पट्टी बांधलेल्या डोळ्यानिशी त्यांच्यासमोर बसली होती. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. ती म्हणाली, ‘इवाई, तुमी समद्या लेकींकडं जाता, माझ्याच सुनंकडं येत नाय. लोकं बोलत्यात. अन् मला बी लई लागतं.’

शिरस्ता, सातबारा, यष्टीचा वास, यातलं काहीच सासऱ्यांनी या वेळी काढलं नाही. चष्मा पुसला आणि हळू आवाजात म्हणाले, ‘ताई, तुम्ही म्हणता तसलं मनात काही नाही. मी कुणाच्याच घरी जात नाही. उतरलो की मी पाहुणा होतो आणि पोरगी सून होते. ती ओट्यापाशी, मी व्याह्यांपाशी. खिडकीत दोन मिनिटं का होईना, ती नुसती माझी पोरगी असते.’

आई एवढंच ऐकायला आल्यासारखी म्हणाली, ‘मग नका उतरू की. यष्टीला बी खिडक्या हायेत.’

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी आमचे सासरे सकाळच्या यष्टीत बसले. एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात पिशव्या. दौलताबादच्या घाटात त्यांनी त्या पिशव्यांचं काय केलं ते सांगत नाही, पण कंडक्टरनं पुढं कितीतरी दिवस त्यांचं नाव काढलं. यष्टी पिशोरच्या स्टँडवर आली तेव्हा खिडकीत हिरवट चेहऱ्याचा एक म्हातारा होता आणि खाली अर्धा बाजार जमलेला. आईनं मुद्दामच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. धाकटीनं फडक्यात बाजरीची भाकरी, लोणी आणि ठेचा आणला होता. ती खिडकीखाली आली आणि तिनं फडकं तसंच वर धरलं. सासऱ्यांनी भाकरी हातात घेतली. त्या माणसाच्या पोटात तेव्हा पाणीसुद्धा ठरत नव्हतं. तरी माझ्या आईच्या हातचा ठेचा लावून, साऱ्या बाजारासमोर, सावकाश, त्यांनी चतकोर भाकरी खाल्ली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘ठेचा उत्तम. रेकॉर्डवर घ्या.’ आई पदरात तोंड लपवून हसली. व्याह्यांवरून तिला टोचून बोललेली बाई तिथंच मिरच्या विकत होती, तिनं मान खाली घातली.

धाकटीनं काय काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, मी मुद्दामच लांब थांबलो होतो. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तशी सासऱ्यांनी सवयीनं ‘मागं सर गं’ म्हटलं. आता यष्टी स्टँडवरून निघते ती आधी मागंच येते, त्यामुळं कंडक्टर ओरडायला लागला, बाई पुढं व्हा. सासरेही ओरडले, ‘अगं पिशोर, पुढं हो, पुढं!’ धाकटी पुढं झाली, आणि तिथंच मटकन खाली बसून रडायला लागली. लोकांना वाटलं चाक पायावरून गेलं. तिच्या बापानं तिला पहिल्यांदा पिशोर म्हटलं होतं, हे मी त्या गर्दीत कुणाकुणाला समजावून सांगू?

पुढं कितीतरी वर्षं ते येत राहिले. त्याच यष्टीनं यायचे, त्याच यष्टीनं परत. उतरले एकदाही नाहीत. गावानं त्यांना ‘खिडकीतले पाव्हणे’ असं नाव पाडलं. स्टँडवरचा पोलीसपाटील त्यांना रामराम करायचा, आणि कधी एखाद्या आठवड्याला ते दिसले नाहीत तर मिरचीवालीच आधी चौकशी करायची. एरवी माणूस त्या घाटाला सरावतो, यांची मळमळ शेवटपर्यंत तशीच राहिली.

गेल्या वर्षी सासऱ्यांचे गुडघे गेले, आणि मागोमाग डॉक्टरांनी छातीचं दुखणं काढलं. गाडी बंद, यष्टी बंद. मेहुण्यानं त्यांचा पलंग पुढच्या खोलीत, गल्लीकडच्या खिडकीशी टाकला. आता लेकीच त्यांना भेटायला जातात. पण माहेरी गेलं म्हणजे पाय आधी स्वयंपाकघराकडं वळतात, वहिनीला हातभार लावावा लागतो, कोण कोण भेटायला आलेलं असतं त्यांना चहा. आम्ही मागच्या खेपेला गेलो होतो तेव्हा सासरे पडल्या पडल्या धाकटीची नुसती ये-जा बघत होते. मी पाहिलं, तिनंही पाहिलं असणार.

परवा आम्ही गेलो, तर ती दारातून आत गेलीच नाही. मी मोटारसायकल उभी करेपर्यंत ती गल्लीत त्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली. आतून आवाज आला, ‘कोण?’

ती म्हणाली, ‘पिशोर आलंय, बाबा.’

सासरे कोपरावर जोर देऊन उठले, उशी सरकवली आणि खिडकीला टेकून बसले. खिडकीला गज, डबा काही आत जाईना. मग तिनं भाकरीचे तुकडे करून एकेक आत दिला. ते खात होते आणि ती सांगत होती, माझ्या आईचं, शाळेचं, शेळी व्याल्याचं. तेवढ्यात पलीकडं स्टेशनात पॅसेंजरनं शिट्टी दिली. इतक्या वर्षांची सवय त्या घराण्यातल्या पोरींना, धाकटी बोलता बोलता थांबली आणि एक पाऊल मागं सरकली. सासऱ्यांनी गजातून हात बाहेर काढून तिचं मनगट धरलं.

‘ती आपली गाडी नाही,’ ते म्हणाले. ‘थांब.’

ती पुढं सरकली आणि बोलायला लागली. मी मोटारसायकलची किल्ली काढून खिशात टाकली आणि समोरच्या पायरीवर जाऊन बसलो.