लाल पेनाचा गोल

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो सुमतीबाईंमुळे. शाळेत कुणी "बाई, दुखतंय" म्हणालं की मुलं ओरडायची, "नाटकं करतोय!" बाई मात्र लाल पेन काढून विचारायच्या, "इथं?" आणि दुखऱ्या जागेभोवती गोल काढायच्या. तेवढ्यानंच अर्धं दुखणं थांबायचं.

त्याच बाई हल्ली म्हणतात की त्यांचं अंग खाजतं आणि कातडीतून बारीक निळे धागे निघतात. दिवाळीत भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी काडेपेटीत जपलेले धागे मला दाखवले. मी शिकलेल्या माणसाच्या थाटात म्हणालो, "बाई, हे साडीचे धागे आहेत." त्यांनी काडेपेटी मिटली. तेव्हापासून त्यांचं पत्र नाही.

आता मी फेसबुकवरचा एक गट वाचत बसतो; आपल्याही कातडीतून असे धागे निघतात म्हणणारे आणि ते न मानणारे तिथं भांडत असतात. "पुरावा दाखवा." "ताई, डोक्याचा डॉक्टर गाठा." "तुम्हाला झालं की कळेल!" आज कुणीतरी आपल्या हाताचा फोटो टाकला होता. खाजणाऱ्या जागांभोवती पेनानं गोल काढले होते. खाली पुन्हा तेच भांडण. "फार खाजतं का?" असं एकानंही विचारलं नव्हतं.

मीही विचारलं नव्हतं. ते धागे कुठले, हे मला अजून ठाऊक नाही. पण बाईंचं ते "इथं?" ऐकायला जीव आसुसतो.

संध्याकाळी पत्र टाकलं : "बाई, धाग्यांचं राहू द्या. रविवारी येतो. लाल पेन आणतो. कुठं खाजतं, तेवढं दाखवा."