डावीकडे जाणारा बॉल

पहिला बॉल बास्केटच्या डावीकडून गेला आणि भिंतीवर आपटला. दुसराही तसाच. पाचवा बॉल त्याच जागी आपटल्यावर सुवर्णाने स्विच बंद केला.

"सर, सुट्टीच्या आधी धा बॉलातले नऊ आत जात होते की ओ," ती म्हणाली.

माझ्या डोक्यात एकच प्रश्न उभा राहिला होता. मशीनला हात कुणी लावला?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी वर्कशॉप सुपरिंटेंडेंट होतो. साताऱ्याच्या एका कॉलेजने रोबोट स्पर्धा ठेवली होती. रोबोट म्हणजे तेव्हा वायरच्या रिमोटवर चालणारं आणि भरपूर आवाज करणारं काहीही. आमच्या रोबोटने पंधरा फुटांवरच्या बास्केटमध्ये टेनिस बॉल टाकायचे होते. टीमची लीडर सुवर्णा, कडेगावची, तिसऱ्या वर्षाला होती. टीम दोन महिने या मशीनमागे राबत होती. स्पर्धा शनिवारी होती आणि त्या दिवशी मंगळवार होता.

शूटरची, म्हणजे बॉल फेकणाऱ्या भागाची, रचना सोपी होती. दोन चाकं शेजारी शेजारी आडवी बसवलेली. प्रत्येकाला जुन्या गाडीच्या ब्लोअरची मोटर आणि कडेला रबराचा पट्टा. दोन्ही चाकं उलटसुलट फिरतात. मधली फट बॉलपेक्षा बोटभर कमी ठेवायची. बॉल त्या फटीत सरकवला की चाकं त्याला दाबून पुढे भिरकावतात. दोन्ही बाजूंचा जोर सारखा असला तर बॉल सरळ जातो. नसला तर बैलगाडीसारखं होतं. एक बैल अंगचोर निघाला की गाडी त्याच्याच बाजूला वळते.

आमचा डावा बैल अंगचोर झाला होता. का, ते कळत नव्हतं. टॅकोमीटर लावून, म्हणजे चाकाचे फेरे मोजायचं यंत्र लावून पाहिलं. दोन्ही चाकांचा वेग सारखा. फट बरोबर. शाफ्ट सरळ. मग मी मशीन सोडून माणसांकडे वळलो. माझा स्वभावच तसा. स्टोअरमधला एक बोल्ट कमी निघाला तरी मी चौघांचे चेहरे वाचत बसायचो.

वर्कशॉपच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, दुसरी विलासकडे. विलास आमचा मेकॅनिक, वडूजच्या बाजूचा. सहा वर्षं टेम्पररीवर होता. लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, त्याचा हात इतका साफ होता की शूटरची दोन्ही चाकं त्यानेच कातून दिली होती. पण त्याचा मावसभाऊ साताऱ्याच्या त्याच कॉलेजात लॅब असिस्टंट होता, आणि त्यांचीही टीम स्पर्धेत होती. शिवाय रबर खडबडीत घ्या, असं विलास आधी म्हणाला होता आणि पोरांसमोर मी त्याला गप्प बसवलं होतं.

आणि खंडेनवमी, दसऱ्याच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये सगळ्या मशीनची पूजा असते. आम्ही सकाळपासून झाडलोट केली, लेथपासून पान्यांपर्यंत सगळं पुसलं. शूटर तर मी स्वतः चकचकीत केला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सगळे हजर होते. विलास नव्हता. त्याचं घर आजोबांपासून बौद्ध. दरवर्षी पूजेच्या वेळी तो बाहेर कट्ट्यावर बसायचा, हे मला ठाऊक होतं. पण त्या मंगळवारी मला ते वेगळंच दिसू लागलं. सगळे आत असताना हा बाहेर काय करत होता? आणि सगळे गेल्यावर कुलूप कुणी लावलं? त्यानेच.

बुधवारी प्रिन्सिपॉलांनी बोलावलं. विलासला पर्मनंट करायचं चाललं होतं, माझा रिपोर्ट हवा होता. मी तिथेच बसून लिहिलं, "काम चांगले. परंतु विश्वासार्हतेबाबत शंका आहे." खाली लगेच सही ठोकली. आज ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

गुरुवारी दिवसभर बॉल डावीकडेच. सुवर्णाने बास्केटच्या उजवीकडे नेम धरून पाहिला. एक बॉल आत जायचा, पुढचा भलतीकडे. शुक्रवारी दुपारी ती स्टुलावर बसून राहिली. "उद्या जायलाच नको सर," म्हणाली. मग तिने ओढणीने डोळे पुसले.

विलास पलीकडे बाकावर काम करत होता. तो उठून आला. हातात एक बॉल होता.

"सर, बॉल बघितलासा का?"

"बॉलला काय झालंय?"

"समदे एकाच अंगाला लाल झाल्यात."

"ग्राउंडची माती असेल."

"मातीला तेलाचा वास येत न्हाई, सर."

मी बॉल नाकाशी धरला. स्पिंडल ऑइल. लेथ पुसायला वापरतो तेच. डाव्या चाकाच्या रबरावरून बोट फिरवलं, बोट गुळगुळीत आणि लालसर झालं. उजवं चाक भिंतीकडे होतं, तिथे हात पोचला नव्हता. ते कोरडं ठणठणीत. डावं चाक तेवढ्याच वेगाने फिरत होतं, पण बॉलवरून घसरत होतं. टॅकोमीटरला घसरणं दिसत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरालाही सुचावं असं कारण, आणि मी चार दिवस चेहरे वाचत होतो.

तेलाचं फडकं माझं होतं. कुंकवाचा अंगठाही माझा.

"तुला कधी कळलं हे?" मी विचारलं.

"बुधवारीच."

"मग बोलला का नाहीस?"

विलासने बॉल बाकावर ठेवला. "काय बोलू? पूजेला मी नव्हतो. वर पूजेनं मशीन बिघाडलं म्हनून मीच सांगायचं? तुमीच म्हनला असता, ह्याच्या पोटात दुखतंय. आता पोरगी रडाय लागली म्हनून बोललो."

मी तसंच म्हणालो असतो. कबूल करायला मला लाज वाटली, म्हणून मी साबण आणायला गेलो.

साबणाच्या पाण्याने रबर दोनदा धुतलं. मग विलासने दोन्ही चाकं पॉलिश पेपरने घासून खडबडीत केली, त्याने आधी सांगितली होती तशी. पहिला बॉल सरळ बास्केटमध्ये. सुवर्णाने टाळी वाजवली.

मी प्रिन्सिपॉलांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, माझा रिपोर्ट परत द्या. दुसरा लिहितो."

"परवा तुम्हीच लिहिलात ना? दोन दिवसांत काय बदललं?"

"काही बदललं नाही. मशीन मीच बिघडवलं होतं."

त्यांनी फाइल पुढे सरकवली.

शनिवारी साताऱ्यात आमचा दुसरा नंबर आला. विलासला मी टीमबरोबर चल म्हटलं होतं. तो आला, बॅटरी उचलली, मावसभावाला माझ्यासमोरच भेटला आणि माझी ओळख करून दिली. पुढच्या जूनमध्ये त्याची पर्मनंटची ऑर्डर निघाली. नंतरच्या प्रत्येक बॅचला मी एक गोष्ट शिकवली. बिघाड शोधताना मशीनला हात लावलेल्यांची यादी करा आणि पहिलं नाव स्वतःचं लिहा.

पण स्पर्धेनंतरच्या सोमवारी, सुटायच्या वेळी, विलास माझ्या टेबलापाशी आला होता. त्याने वर्कशॉपची किल्ली समोर ठेवली.

"ही तुमच्याकडंच असू द्या."

"अरे, का?"

"रिपोर्ट मागं घेतलासा, कळलं मला. पर लिवला व्हता, ते बी कळलं."

मी खूप समजावलं. माफीही मागितली. "असू द्या सर," म्हणाला. मी रिटायर होईपर्यंत तो रोज सकाळी माझ्याकडून किल्ली मागून घ्यायचा आणि संध्याकाळी साडेपाचला टेबलावर आणून ठेवायचा. एक दिवसही चुकला नाही.