बाहेरचं रक्त

“नाक आहे का?”

कुणी कुत्र्याचं पिलू दाखवायला आणलं की वहिनींचा पहिला प्रश्न हा असायचा. रंग, कान, शेपूट यांच्याकडे त्या नंतर बघायच्या. आधी एका मुठीत वजडीचा, म्हणजे बोकडाच्या आतड्याचा, तुकडा दडवायचा, दुसरी मूठ रिकामी ठेवायची आणि दोन्ही मुठी पिलापुढे धरायच्या. पिलू बरोबर मुठीशी आलं की म्हणायच्या, “आहे. बाकीचं होईल.”

माणसांनाही त्या हाच नियम लावत. मला एक स्थळ सांगून आलं तेव्हा माझी आई कौतुकाने खाली सांगायला गेली. मुलगा बी.ए. आहे, माहीमला स्वतःची जागा आहे. वहिनी म्हणाल्या, “ते झालं हो. नाक आहे का?” आईने चटकन फोटो पुढे केला. “ह्या काय, चांगला सरळ आसा की.”

तुमच्याही गल्लीत असं एखादं घर असेल, ज्याचा नंबर पोस्टमनशिवाय कुणालाच ठाऊक नसतो. दादर पूर्वेला आमचं तसं होतं. ‘कुत्रेवाल्यांचं घर’ म्हटलं की टांगेवालासुद्धा आणून सोडायचा. वर दोन खोल्यांत आई आणि मी भाड्याने राहत होतो, खाली घरमालकीण वहिनी आणि त्यांचा मुलगा मधू. मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली कुत्री. मी फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. सकाळी निघताना वजडी शिजल्याचा वास माझ्या पातळाला लागायचा आणि ऑफिसातल्या मुली नाक मुरडायच्या.

ही कुत्री राखणीची नव्हती. पॉइंटर जातीची, पाखरांच्या शिकारीची. गवतात तितर किंवा लावा बसलेला असला की वासावरून ओळखायचं आणि जागच्या जागी थिजून उभं राहायचं, एवढंच त्यांचं काम. वहिनींचे यजमान बंदरावर नोकरीला होते. त्यांच्या एका इंग्रज साहेबाने विलायतेला परत जाताना ड्यूक नावाचा नर आणि एक मादी त्यांना देऊन टाकली. त्या जोडीपासून त्यांनी वाण वाढवलं. ते गेल्यावर बंदूक जमा केली गेली, कुत्री राहिली. मलबार हिलवरचे डॉक्टर, सॉलिसिटर आधी सांगून ठेवून पिलं घेऊन जात.

यजमानांचा एक कायदा होता आणि वहिनी तो देवासारखा पाळत. पिलाच्या आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून ड्यूक आजोबा किंवा पणजोबा लागला पाहिजे. सख्खी भावंडं जोडायची नाहीत, पण सावत्र, चुलत, मावसपणजी असं काहीतरी धरून पुन्हा ड्यूककडेच यायचं.

आईला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती जिन्यातच बसली. “अगो बाय माझे! म्हणजे सगोत्रच झाला ना ह्या!”

“तुमच्यात मामाची मुलगी करतात ना?” वहिनींनी विचारलं.

“करतत. पण दर पिढीक तोच उंबरो नाय धरीत.”

मधू खो खो हसला. “आई, ऐक. मी वर्षभर सांगतोय तेच या सांगताहेत.”

मधू परळच्या एका गिरणीत ड्राफ्ट्समन होता. उंच, जरा पोक काढून चालणारा. आदल्या वर्षीच्या थंडीत त्याने वहिनींना आणि मला कल्याणच्या पलीकडे शेतांत नेलं होतं. बिजली ही त्यांची मादी मी तिथे पहिल्यांदा मोकळी पाहिली. कापलेल्या भाताच्या शेतात ती नागमोडी धावत होती आणि एकदम थांबली. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट काठीसारखी ताठ, अंगावरचा एक केस हलत नव्हता. वहिनींनी माझा हात धरला. “ड्यूक,” त्या हळूच म्हणाल्या. “अगदी ड्यूक.” बंदूक तर नव्हतीच. मधूने पुढे जाऊन टाळी वाजवली, पाखरू भुर्रकन उडून गेलं, आणि आम्ही तिघं काहीतरी मोठं मिळवल्यासारखे डबा उघडून बसलो.

पण घरात ते सुख राहिलं नव्हतं. पूर्वी सात-आठ व्हायची तिथे आता पिलं तीन-चार होऊ लागली होती. एक बहिरं निघालं. एका मादीला गर्भच राहिना. मधूचं म्हणणं असं की एकाच घरात फार वेळा सोयरीक झाली. देवळालीला लष्करातल्या एका सरदारजी कॅप्टनकडे त्याने एक नर बघून ठेवला होता. तपकिरी ठिपक्यांचा, दणकट, ड्यूकशी काही नातं नसलेला.

“एकदाच बाहेरचं रक्त आणू,” तो म्हणायचा. “त्यातली एक चांगली मादी ठेवू, आणि तिला परत आपल्याच नराला देऊ. वाण कुठे जात नाही.”

“एकदा बाहेर गेलं की काय येईल ते कुणाला माहीत?” वहिनी म्हणायच्या. “एक पिलू बापासारखं, एक आजीसारखं, एक कुणासारखंच नाही. घरातलं दुबळं असलं तरी ओळखीचं असतं रे.”

मला दोघांचंही पटायचं. जो शेवटी बोलेल त्याचं जास्त पटायचं.

त्या दिवाळीत बिजली व्याली. बाप शेरा, म्हणजे ड्यूकचाच नातू. तीन पिलं झाली. एक मेलेलंच आलं. दुसरी दोन दूध ओढेनात. मधू रजा काढून बसला, कापसाची वात दुधात भिजवून त्यांच्या तोंडात धरत राहिला. लोक गल्लीत फटाके उडवत होते आणि तो फाटक लावून घ्यायला सांगत होता. भाऊबीजेपर्यंत दोन्ही गेली.

“पुढच्या माजाला मी बिजलीला देवळालीला नेणार,” तो म्हणाला.

“मी असेपर्यंत नाही.”

“तू तिला मारशील, आई.”

वहिनींनी ताट उचललं आणि आत गेल्या. त्यानंतर मायलेकांचं बोलणं थांबलं. दोघं माझ्यामार्फत बोलू लागले. “त्याला सांग, पान वाढलंय.” “तिला सांग, मला उशीर होईल.” मी जिन्यात उभी राहून निरोप्याचं काम करायची आणि मनातून मला जरा गंमतही वाटायची. होळीपर्यंत मिटेल, असं आई म्हणायची.

जानेवारीत मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला नाही, ही बातमी आली आणि रस्ते माणसांनी भरले. ऑफिसं बंद झाली. लालबाग-परळकडून घोषणा ऐकू यायच्या, मग कसलेसे बार, मग शांतता. मधूला राजकारणाचं वेड नव्हतं. घोषणा ऐकून तो मान डोलवायचा, एवढंच. एका दुपारी जरा शांत वाटलं म्हणून तो नकाशाचा जाड कागद आणायला गिरगावात गेला. जाताना मला म्हणाला, “तिला सांग, संध्याकाळच्या आत येतो.”

मी सांगितलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्या “हं” म्हणाल्या.

त्या दुपारी गिरगावात गोळीबार झाला. त्यात तो गेला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन पुरुषांबरोबर वहिनी गेल्या, त्याला ओळखलं, आणि सगळं उरकून परत आल्या. अंघोळ केली. ओल्या केसांनी बाहेर आल्या आणि मला विचारलं, “कुत्र्यांना घातलंस का?”

घातलं नव्हतं. कुणालाच सुचलं नव्हतं. त्यांनी स्वतः चूल पेटवली, वजडी चिरली, भाकरी कुस्करली. त्यांच्या हाताकडे मी बघत होते. सुरी नेहमीसारखीच चालत होती.

नंतर काही कार्यकर्ते आले. चांगली माणसं होती, एकाच्या हाताला पट्टी होती. मधूच्या तसबिरीला हार घालून एकजण म्हणाला, “आई, तुमचा मुलगा महाराष्ट्रासाठी हुतात्मा झाला.”

“तो कागद आणायला गेला होता,” वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी सगळ्यांना चहा दिला, पट्टीवाल्याला जखम कशी आहे ते विचारलं, आणि फाटकापर्यंत पोचवायला गेल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. काहीच नव्हतं. जे घडलं होतं ते त्यांनी सांगितलं होतं.

त्या रडल्या नाहीत. आई म्हणायची, “रडाक व्हया तिणा. नायतर आत धरतला.” बायका मुद्दाम येऊन मधूच्या आठवणी काढायच्या, स्वतः रडायच्या आणि जायच्या. वहिनी त्यांना डोळे पुसायला स्वच्छ फडका द्यायच्या. मधूचं नाव मात्र त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही. मीही घ्यायचं सोडलं. पाहता पाहता त्या घरात आम्ही दोघी हवापाण्यावर बोलू लागलो.

उन्हाळ्यात एका सकाळी त्या वर आल्या. नीट नेसलेल्या, हातात बिजलीची साखळी.

“माजावर आलीय,” म्हणाल्या. “देवळालीला जायचंय. येशील?”

मी रजेचा अर्ज लिहिला आणि निघाले. कॅप्टन मोठ्या दाढीचा, मोठ्या आवाजाचा माणूस होता. त्याने बिजलीला थोपटलं, वहिनींना खुर्ची दिली आणि फाटकाकडे बघत विचारलं, “माताजी, बेटा नहीं आया?”

“नहीं,” वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी त्याचा नर बघायला मागितला, त्याचे पाय दाबून बघितले, जबडा उघडला, तो कसा चालतो, उन्हात किती टिकतो, त्याची आई कशी होती, सगळं विचारलं. मधू जे जे विचारायचं म्हणत असे ते ते सगळं.

पिलं झाली ती मोजायला दोन्ही हात लागले. सगळी जिवंत, सगळी भुकेली, बिजलीला एक मिनिट बसू देईनात. पण वहिनी म्हणाल्या होत्या तसंच झालं होतं. एक पांढरं, एक तपकिरी, एकाचं डोकं ड्यूकचं, तर एकाचे कान कुणाचे ते देव जाणे. सॉलिसिटरसाहेब बघून गेले आणि “कळवतो” म्हणाले, ते काही कळवलं नाही. मागतील त्यांना वहिनींनी पिलं देऊन टाकली. एक तपकिरी मादी ठेवली. तिचं नाव ठेवलं नाही. “ए” म्हटलं की ती यायची.

पुढच्या थंडीत आम्ही दोघी तिला कल्याणला घेऊन गेलो. ती वेड्यासारखी धावली. फार पुढे जायची, वास चुकवायची, पाखरं उगाच उठवायची. वहिनी बांधावर उभ्या राहून बघत होत्या. मग एका खाचराच्या कडेला ती थांबली. ड्यूकसारखी नाही. पोट जमिनीला लावून, मान पुढे काढून, थरथरत. पण थांबली.

“ही आमची नाही,” वहिनी म्हणाल्या. “पण उभी आहे.”

ती तशीच राहिली. पाखरू गवतात, कुत्री त्याच्यासमोर, आम्ही बांधावर. पुढे जाऊन टाळी कोण वाजवायचं, ते दोघींनाही आठवत होतं आणि दोघी हललो नाही. शेवटी पाखरू आपणच कंटाळून उडालं.

महिन्याभरात वहिनींनी शेरा, बिजली आणि ती तपकिरी, उरलेल्या तिघांना देवळालीला कॅप्टनकडे पोचवलं. अंगण रिकामं झालं. पुढे माझं लग्न झालं, मी शीवला गेले, आई माझ्याबरोबर आली. वहिनी घर सोडून बहिणीकडे राहायला गेल्याचं कानावर आलं. कुठे, ते कुणी नीट सांगेना. महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी शिवाजी पार्कवर दिव्यांची रोषणाई बघताना मला त्यांची आठवण झाली होती, पण गर्दीत मुलगी कडेवर होती आणि आठवण तिथेच राहिली.

त्या भेटल्या त्यानंतर काही महिन्यांनी, दादरच्या भाजीबाजारात. मेथी निवडत होत्या. बारीक झाल्या होत्या. आईची चौकशी केली, मुलीचं नाव विचारलं.

“कॅप्टनचं पत्र आलं,” म्हणाल्या. “त्या तपकिरीला त्याने शेराला दिली. परत घरी आणली म्हण ना. सहा पिलं झालीत. सगळी धडधाकट, आणि शेतात उभी राहिली की ड्यूकच, म्हणतो.”

“बघायला जाणार?”

“मधूचं बरोबर होतं गं,” त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं असावं. हातातली जुडी त्यांनी खाली ठेवली, परत उचलली, आणि मग त्यांना उभं राहवेना. तोंडातून आवाज निघाला तो मला आधी त्यांचा वाटलाच नाही. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली.

भाजीवालीने टोमॅटोची रिकामी पेटी उलटी करून पुढे सरकवली, तिच्यावर गोणपाट टाकलं आणि म्हणाली, “बसा आई. बसा इथं.”

वहिनी बसल्या. मी त्यांची पिशवी धरून उभी राहिले. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून जात होती, आणि भाजीवाली त्यांच्या डोक्यावरून हात लांबवून मेथी विकत होती.